धक्क्यावरचे लोक आणि आपल्या सात सह्या

आमच्या बिल्डिंगमध्ये गेले दोन आठवडे एक निवेदन फिरतंय. मुक्काम सिएटल. खिडकीतून खाडीसारखा आत शिरलेला समुद्र दिसतो, त्याला इथे प्युजेट साउंड म्हणतात, आणि त्या पाण्यात गेलेला एक सार्वजनिक धक्का दिसतो. हिवाळ्याच्या रात्री त्या धक्क्यावर लोक स्क्विड धरतात. निवेदनाचं म्हणणं, हे बंद करा. सूर्यास्तानंतर धक्क्याला कुलूप लावा. कारणं दिलीयेत: आवाज, उजेड, वास, काँक्रीटवरचे काळे डाग, आणि सगळ्यात शेवटी ते ठेवणीतलं वाक्य, 'रहिवाशांना असुरक्षित वाटते'.

परवापर्यंत त्यावर एकसष्ट सह्या झाल्या होत्या. त्यातली सात आडनावं मराठी आहेत. म्हणून हा लेख मराठीत. इंग्रजीतलं पत्र ज्यांना द्यायचं त्यांना दिलंय, हे आपलं आपल्यात.

आधी हे लोक करतात काय ते सांगतो. सातांपैकी दोघांना मी विचारलं, दोघांनाही माहीत नव्हतं. एक म्हणाला, "जाळी टाकतात ना?" दुसऱ्याला वाटत होतं की बोटी येतात. म्हणजे काय बंद करायचंय हे माहीत नसताना सही! आपण नोकरीत दुसऱ्याचा कोड न वाचता डिलीट केला असता तर दुसऱ्या दिवशी काय झालं असतं, विचार करा.

तर मंडळी, स्क्विड म्हणजे कोकणातले लोक ज्याला माकुल म्हणतात ते. (मी सोलापूरचा. समुद्र पहिल्यांदा नववीच्या सहलीत पाहिला. हे नाव मला रूममेटने शिकवलं, तो देवगडचा.) इथे जो येतो तो वीतभर लांबीचा, कॅलिफोर्निया मार्केट स्क्विड नावाचा. याचं सगळं आयुष्य एका वर्षाच्या आत आटोपतं. अंडी घातली की मरतो. उन्हाळ्यात हे थवे बाहेरच्या समुद्राकडून आत सरकायला लागतात आणि ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत सिएटल-टॅकोमाच्या धक्क्यांपाशी पोचतात. दिवसा खोल पाण्यात असतात, रात्री वर येतात. पाण्यावर उजेड पडला की बारीक जीव त्याकडे जमतात, त्यांच्यामागे छोटे मासे, आणि त्यांना खायला स्क्विड. पण स्क्विड महाराज थेट उजेडात येत नाहीत. उजेड संपून अंधार सुरू होतो त्या काठावर थांबतात आणि तिथून झडप घालतात. त्यामुळे जाणता माणूस दिव्याखाली दोरी टाकत नाही, त्या काठावर टाकतो.

दोरीला आमिष नसतं. जिग असतो. बोटाएवढी प्लॅस्टिकची कांडी, अंधारात हिरवट-गुलाबी चमकणारी, आणि खालच्या टोकाला वर वळलेल्या टाचण्यांचं एक कडं. हा जिग हळूच उचलायचा, थांबायचं, पुन्हा उचलायचा. स्क्विड चावत नाही. तो आपले दोन लांब सोंडेसारखे हात झपकन पुढे फेकून कांडीला मिठी मारतो. माणसाला कळतं ते एवढंच, की दोरी एकाएकी जड झाली. ओल्या हातमोज्याएवढी जड. तिथून पुढे दोरी एक क्षणही सैल सोडायची नाही, कारण त्या टाचण्यांना उलटा काटा नसतो; ढील मिळाली की गडी सुटला. वर आला की अंगावरचे ठिपके लाल-तपकिरी-पांढरे असे लुकलुकत असतात, एखाद्या बिघडलेल्या स्क्रीनसारखे, आणि तो शाई सोडतो. निवेदनातले काळे डाग ते हे. बादलीभर पाण्याने आणि खराट्याने ताजे असताना निघतात. मी काढलेत.

आणि हे सगळं बेकायदा वगैरे नाही. १५ वर्षं आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला राज्याचा परवाना लागतो. एका माणसाला एकच दोरी, दोरीला जास्तीत जास्त चार जिग, माणशी रोजची ठरलेली मर्यादा, आणि ज्याची त्याची बादली वेगळी. दोघांनी एकाच बादलीत टाकलेलं चालत नाही. मासेमारी खात्याचे अधिकारी येऊन बादल्या बघतात. आपल्यापैकी किती जणांच्या वीकेंडच्या छंदाला इतके नियम आहेत?

आता निवेदनाकडे येऊ. 'सूर्यास्तानंतर बंद' ही मागणी वाचायला किती समंजस वाटते बघा. कोणाचा हक्क काढून घेत नाही आहोत, फक्त वेळ ठरवतोय! पण डिसेंबरात इथे सूर्यास्त ४ वाजून २० मिनिटांच्या आसपास होतो. स्क्विड रात्रीच येतो, आणि हिवाळ्यातच येतो. म्हणजे ही वेळेची मर्यादा नाही, ही बंदीच आहे, फक्त बंदी हा शब्द न वापरता. जिम चोवीस तास उघडी ठेवू पण वजनं काढून घेऊ, त्यातला प्रकार. ज्याने तो मसुदा लिहिला त्याला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. आणि त्याला खरंच कळत नव्हतं असं धरलं, तर मग माहिती न घेता लोकांच्या तोंडचा घास काढतोय एवढंच म्हणायचं.

घास हा शब्द मी उगाच वापरला नाही. धक्क्यावर माझ्या शेजारी उभे राहणारे एक व्हिएतनामी काका हॉटेलच्या लाँड्रीत काम करतात. पाळी पाच वाजता सुटते. ते तिथून बसने थेट धक्क्यावर. त्यांची बादली घरात चार दिवस पुरते, सुनेला काही द्यायचं ते देतात, उरलेलं फ्रीजरमध्ये. मी जातो ती मजा म्हणून. ते मजा म्हणून पण जातात आणि भाजी म्हणून पण जातात. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे आपल्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही, कारण आपल्याकडे छंदाचं सामान वेगळ्या दुकानातून येतं आणि जेवण ॲपवरून.

वासाबद्दल बोलू. बोलायलाच हवं, कारण सात मराठी सह्यांमागचं खरं कारण हेच आहे, हे त्यातल्या एकाने लिफ्टमध्ये मला स्वतः सांगितलं. "अरे, सकाळी वॉकला जावं तर नुसती मासळी." ठीक आहे. आता जरा आठवा. मी पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा फ्लॅट शोधताना प्रत्येक घरमालकाचा पहिला प्रश्न पगाराचा नव्हता, "नॉनव्हेज खाता का?" हा होता. आडनाव ऐकून काही जण तोही विचारायचे नाहीत, सरळ फ्लॅट गेला म्हणायचे. इथे आल्यावर पहिल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या एका बाईने ऑफिसात तक्रार केली होती की आमच्या घरातून 'करी'चा वास कॉरिडॉरमध्ये येतो. तेव्हा आपण किती चिडलो होतो! फोडणी ही आपली संस्कृती आहे, यांना सहन होत नसेल तर यांनी नाकं बंद करावीत, हा वर्णद्वेष आहे, वगैरे वगैरे. लिफ्टमधला हाच गृहस्थ तेव्हा सगळ्यात तावातावाने बोलत होता. मोहरीचा वास संस्कृती आणि समुद्राचा वास उपद्रव, हे कसं काय बुवा?

वासाची तक्रार कधीच नुसती वासाची नसते. हे मुंबईच्या कोळीवाड्यांना विचारा. समुद्राकाठी शेकडो वर्षं मासळी वाळते आहे; शेजारी टॉवर उभा राहिला की मासळी दुर्गंधी होते, टॉवर मात्र सी-फेसिंगच राहतो. वरळीत कोस्टल रोडच्या वेळी तिथल्या मच्छीमारांना आपल्या होड्या पुलाखालून सुरक्षित जाव्यात एवढ्यासाठी आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे तिथल्या खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० मीटर झालं. तेवढं अंतर कागदावर वाढवायला सुद्धा माणसं रस्त्यावर यावी लागतात.

आणि आवाजाचं म्हणाल, तर सिएटलच्या समुद्रकाठाचा इतिहास जरा बघा. १९५३ पासून २०१९ पर्यंत इथल्या किनाऱ्याच्या डोक्यावरून दोन मजली हायवे जात होता, अलास्कन वे वायाडक्ट. रात्रंदिवस ट्रकांचा खडखडाट, खाली धूर आणि अंधार. त्या काळातही इथल्या धक्क्यांवर लोक स्क्विड धरायला उभे असायचे. तेव्हा कोणी निवेदन काढलं नाही, कारण तिथे राहायला यायची आपल्यासारख्यांची इच्छाच नव्हती. २०१९ मध्ये तो पूल पाडला, वाहतूक बोगद्यात गेली, किनारा मोकळा झाला, झाडं लागली, दृश्य दिसायला लागलं. दृश्य दिसल्यावर आपण आलो. आता आपल्याला त्या दृश्यात माणसं नकोत.

मी स्वतः त्या आलेल्यांतलाच आहे हे मला माहीत आहे. माझंही भाडं त्या खिडकीचंच आहे. पण खिडकीचं भाडं भरलं म्हणजे खिडकीतून दिसणारं सगळं भाड्याने घेतलं असं होत नाही.

'असुरक्षित वाटते' यावर थोडं सविस्तर लिहितो. धक्क्यावर रात्री नऊ वाजता कोण असतं? व्हिएतनामी, कंबोडियन, फिलिपिनो, चिनी, कोरियन कुटुंबं. थर्मासमध्ये सूप. ब्लँकेटात गुंडाळलेली पोरं, ज्यांचं काम बादलीतले स्क्विड मोजणं. दोन-तीन म्हातारे गोरे, जे कोणाशी बोलत नाहीत पण गुंता झाला की न सांगता सोडवून देतात. जेन जेकब्स या बाईंनी १९६१ सालीच अमेरिकन शहरांवरच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित होतो तो त्याच्यावर लक्ष असणाऱ्या साध्या माणसांमुळे. हे चाळीस लोक तिथून हाकलले तर धक्का सुरक्षित होणार नाही, रिकामा होईल. रिकाम्या, अंधाऱ्या धक्क्यावर रात्री नऊला वॉक घेऊन दाखवा, मग बोलू. आणि खरं सांगायचं तर तिथे असुरक्षित काय वाटतं? हुडी घातलेली, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणारी, आपल्यापेक्षा कमी पगाराची माणसं. बाकी काही नाही. रात्री दहा वाजता ऑफिसमधून चार देसी हुड्या घालून मोठमोठ्याने हसत बाहेर पडतात ते बाहेरच्यांना कसे दिसतात, ते एकदा कोणाला तरी विचारा.

या राज्यात पाण्याकाठच्या माणसाला हाकलायची खोड जुनी आहे. इथल्या मूळ रहिवाशांनी १८५० च्या दशकात करार करताना जमिनी दिल्या, पण आपल्या नेहमीच्या जागांवर मासे धरायचा हक्क राखून ठेवला. तरी शंभर वर्षांनंतरही त्यांना त्याच नद्यांवर अटक होत होती. बिली फ्रँक ज्युनिअर या निस्क्वाली जमातीच्या पुढाऱ्याला पन्नासहून जास्त वेळा पकडलं. शेवटी १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या सामन माशांतला निम्मा वाटा त्यांचा. स्क्विड धरणाऱ्या स्थलांतरितांचा हक्क त्या जातीचा नाही, ती तुलना मी करत नाहीये. पण 'बेशिस्त', 'गर्दी', 'नासधूस' हे शब्द तेव्हाही हेच होते. आणि दुसरी बाजूही आहे: व्हिएतनाम युद्ध संपलं त्या १९७५ साली बाकी राज्यं टाळाटाळ करत असताना वॉशिंग्टनचे गव्हर्नर डॅन इव्हान्स यांनी आपला माणूस कॅलिफोर्नियातल्या छावणीत पाठवून निर्वासितांना बोलावून घेतलं होतं. बोलावून आणायचं, आणि पन्नास वर्षांनी त्यांच्याच पोराबाळांना सांगायचं की समुद्राकडे सूर्यास्तानंतर बघू नका!

बरं, दुसऱ्या धक्क्यावर जा म्हणावं, तर ते आहेत किती? एलियट बेवरचा खास मासेमारीसाठीचा धक्का, पिअर ८६, लाकूड-खांब खराब झाले म्हणून २०१७ मध्ये बंद केला. शहराच्या दक्षिणेला दुवामिश नदी आहे, तिथे बसची सोय आहे, वस्ती गरिबांची आहे. पण कारखान्यांनी ती इतकी नासवली की २००१ मध्ये केंद्र सरकारला तिचा खालचा भाग सुपरफंडच्या यादीत घालावा लागला. तिथे कायम राहणारे मासे, खेकडे खाऊ नका अशा पाट्या आहेत. म्हणजे विष कालवलेलं पाणी त्यांना आणि दृश्य असलेलं पाणी आपल्याला. वाटणी छान झाली.

जनरेटरचं मात्र मी निवेदनवाल्यांच्या बाजूने बोलणार आहे. हो, काही लोक पेट्रोलचा जनरेटर आणतात, त्यावर दोन-दोन हॅलोजन लावतात, आणि रात्री अकरा वाजता ते फटफटत असतं. मलाही ते डोक्यात जातं. धूर होतो, शेजारच्याशी बोलता येत नाही, आणि एकाने आणला की दुसरा त्याच्याहून मोठा आणतो. काकासुद्धा त्यांच्यावर वैतागतात; ते स्वतः एक बारा व्होल्टची बॅटरी आणि हिरवा एलईडी बाजाराच्या पिशवीतून आणतात, आणि त्यांची बादली जनरेटरवाल्याच्या आधी भरते. तेव्हा जनरेटर बंद करा. जरूर करा. दिव्याला झाकण लावून उजेड पाण्याकडेच पडेल असा नियम करा. पण मग आपल्या बिल्डिंगच्या टेरेसवरची ती निळी पट्टी, जी रात्रभर कोणाच्याही उपयोगाची नसताना अर्धी खाडी उजळते, तिचंही बघा की! उजेडाचा त्रास खालून वर होतो, वरून खाली होत नाही, असं काही भौतिकशास्त्र मला कॉलेजात शिकवलेलं नाही.

यावर रूममेटने एक मुद्दा काढला आणि तो हुशार मुद्दा आहे. म्हणाला, "भारतात एलईडीच्या मासेमारीवर बंदी आणा म्हणून आमच्याकडचे लोक भांडले, आणि तू इथे दिव्यांची वकिली करतोस?" बरोबर. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या सागरी क्षेत्रात एलईडी लावून मासे धरायला बंदी घातली, महाराष्ट्राने १९८१ चा आपला कायदा २०२१ मध्ये कडक करून दंड लाखांत नेला. पण ती बंदी कोणाविरुद्ध होती? जनरेटर चढवलेल्या, पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या ट्रॉलर-मालकांविरुद्ध. आणि ती मागत कोण होतं? छोटा पारंपरिक मच्छीमार. दक्षिण अमेरिकेजवळच्या समुद्रात स्क्विडवाल्या बोटींचे दिवे उपग्रहातून शहरासारखे दिसतात. त्यातल्या एका बोटीवरच्या दिव्यांत आमचा धक्का किती वर्षं चालेल हे गणित विकांताला करून बघा. मुद्दा दिव्याचा नाही, कोणाच्या हातात किती मोठा दिवा आहे याचा आहे. छोट्या माणसाला वाचवायला केलेला नियम छोट्या माणसावरच उगारायचा, ही चलाखी आपल्याला चांगलीच जमते.

आणि याच बिल्डिंगच्या खाली एक रेस्टॉरंट आहे, तिथे शुक्रवारी आपण सगळे बसतो, आणि पहिली प्लेट काय येते? कॅलामारी. लिंबू पिळून, आयोली लावून. कॅलिफोर्नियात धरलेल्या स्क्विडचा मोठा हिस्सा गोठवून चीनला जातो, तिथे साफ होतो, आणि त्यातला काही भाग पॅसिफिक पुन्हा ओलांडून अमेरिकेत विकायला येतो. म्हणजे दोनदा महासागर ओलांडलेला स्क्विड आपल्याला चालतो, त्याला वास नाही, डाग नाही, दिवा नाही. शंभर पावलांवर एका माणसाने परवाना काढून, थंडीत उभं राहून धरलेला मात्र चालत नाही. असो.

मंगळवारी संध्याकाळी कमिटीची मीटिंग आहे. तिथून निवेदन शहराकडे जाईल. मी माझ्या पत्रात तीनच गोष्टी मागितल्यात: जनरेटर बंद, धक्क्यावर एक नळ आणि खराटा, आणि वेळ आहे तशी. सही मागे घेता येते, मी विचारून घेतलंय, एका ओळीची मेल पुरते. सातही जण माझे ओळखीचे आहात, नावं घेत नाही.

त्याच्या आधी शुक्रवार आहे. पाऊस नसला तर मी साडेसहापासून असतो, जिना उतरलं की डावीकडे, तिसऱ्या खांबापाशी. जादा जिग आहेत माझ्याकडे, पण दोरी टाकायची तर परवाना स्वतःचा लागेल. नुसतं बघायला काही लागत नाही. चार-पाच डिग्री असतं, कानटोपी आणा. आणि ऑफिसचं जॅकेट घालून येऊ नका, काँक्रीटवरून शाई निघते, कापडावरून नाही.